हसरत मोहानी अभिवाचन : कामाच्या नोंदी

१० मे २०२५

वाचनालयाच्या कार्यकारिणीची बैठक. विषय क्रमांक चार, टिळक पुण्यतिथी. दरवर्षी व्याख्यान होतं, दरवर्षी मंडालेचं वर्णन होतं आणि दरवर्षी पुढच्या दोन रांगांत तीच अकरा माणसं असतात. त्यातली एक मी. यंदा काहीतरी वेगळं हवं असं अध्यक्ष म्हणाले आणि माझ्या तोंडून निघून गेलं, ‘उर्दूत टिळकांवर शोककविता आहे, ती घेऊ या.’ आमच्याकडे जो सुचवतो त्याच्याच गळ्यात काम पडतं. पडलं.

ही कविता मला ठाऊक असायचं कारण म्हणजे सर. उर्दू शाळेतून निवृत्त झालेत, सोलापूरचेच. रोज साडेदहाला वृत्तपत्रं वाचायला येतात. मागच्या १ ऑगस्टला व्याख्यान संपल्यावर चपला शोधता शोधता ते पुटपुटले होते :

मातम न हो क्यूँ भारत में बपा, दुनिया से सिधारे आज तिलक
बलवंत तिलक, महाराज तिलक, आज़ादों के सरताज तिलक

लिहिणारे हसरत मोहानी. टिळक गेले १ ऑगस्ट १९२० ला, त्यावेळची ही कविता. ठरलं ते असं : पंचेचाळीस मिनिटं, दोन आवाज, दोन माईक (एक चालणारा). खर्चाला अडीच हजार.

१३ मे

माणसाची कुंडली मांडायला बसले. मूळ नाव सय्यद फज़लुल हसन. गाव मोहान, जिल्हा उन्नाव, लखनौच्या अलीकडे, म्हणून मोहानी. हसरत हे तखल्लुस, म्हणजे कवीचं टोपणनाव. मॅट्रिक फतेहपूरहून, पुढे अलीगढचं कॉलेज, १९०३ साली बी. ए.

ओळखीतल्या दहा जणांना विचारून पाहिलं. नऊ जणांना नाव माहीत नाही. त्याच नऊ जणांना ‘चुपके चुपके रात दिन’ मात्र गुलाम अलींच्या हरकतींसकट येते. ही गज़ल हसरतांची, आणि ‘निकाह’ पिक्चरमुळे घराघरांत गेलेली. ‘इन्किलाब ज़िंदाबाद’ ही घोषणाही त्यांच्याच नावावर सांगितली जाते. ती तर दहाच्या दहा जणांनी दिलेली आहे. मी स्वतः बँकेच्या संपात घसा बसेपर्यंत दिली होती. एक गज़ल आणि एक घोषणा, दोन्ही इतक्या मोठ्या झाल्या की माणूस त्यांच्या मागे दिसेनासा झाला.

रात्री लक्षात आलं, मृत्यूची तारीख १३ मे १९५१. म्हणजे आजचीच. याचं संहितेत काही करायचं नाही. नोंदवून ठेवते, इतकंच.

१९ मे

सरांकडे लिपीचा पहिला धडा. मी म्हटलं होतं की देवनागरीतलं वाचून काम भागवू. ते म्हणाले, ‘ताई, जेवण ऐकून पोट भरत नाही.’ मग अलिफ, बे, पे.

शेवटी त्यांनी मला शोधायला एक शब्द दिला. तीन अक्षरं : ते, लाम, काफ. मी दहा मिनिटं ‘तलक’, ‘तुलक’, ‘तिल्क’ करत बसले. निघाले टिळक! उर्दूत ‘ळ’ नाही, त्यामुळे ते तिलक झाले. पण हसरतांनी या अडचणीचं सोनं केलंय. ‘सरताज तिलक’ म्हणताना आडनाव आहे की कपाळावरचा टिळा, हे कानाला ठरवताच येत नाही. मराठीत ‘टिळक’ म्हटलं की पगडी दिसते. ‘तिलक’ म्हटलं की कपाळ दिसतं. वाचताना ‘तिलक’च ठेवायचं, टिळक करायचं नाही. (वाचणाऱ्या दोघींना तसं बजावायचं.)

चहा पिताना सरांनी अलीगढची गोष्ट सांगितली. हसरत पहिल्यांदा कॉलेजात उतरले ते हातात पानदान घेऊन. पोरांनी बघता बघता नाव ठेवलं ‘खाला अम्मा’. म्हणजे आपल्याकडची मावशीबाई. पुढे हीच मावशीबाई राजद्रोहाच्या कलमाखाली आत जाणार होती, हे त्या पोरांना काय ठाऊक!

२७ मे

मासिकाकडे वळले. खरं तर इथूनच सुरुवात करायला हवी होती.

जुलै १९०३. बी. ए. झाल्या झाल्या नोकरी शोधायची सोडून हसरतांनी अलीगढहून ‘उर्दू-ए-मुअल्ला’ काढलं. उर्दू म्हणजे छावणी. उर्दू-ए-मुअल्ला म्हणजे थोर छावणी, बादशाही गोट. दिल्लीच्या किल्ल्यातल्या भाषेला हे नाव होतं आणि गालिबच्या पत्रांच्या संग्रहाचंही हेच नाव आहे. पुण्यात राहिलेल्या माणसाला ‘कॅम्प’ म्हटलं की एक विशिष्ट बोली ऐकू येते, तसंच काहीसं.

मासिक साहित्याचं. जुने, विस्मरणात चाललेले शायर शोधायचे, त्यांच्या निवडक गज़ला छापायच्या, भाषेच्या चुका काढायच्या. हसरत स्वतः परंपरेचे पक्के : गुरू तस्लीम, त्यांचे गुरू नसीम देहलवी, आणि नसीमचे गुरू थोर शायर मोमिन. आपल्याकडे गवयी घराणं सांगतात तसं. पण त्याच अंकात राजकारणही असायचं, आणि तेही जहाल. सर सय्यद अहमद खानांनी मुसलमानांना काँग्रेसपासून लांब राहायचा सल्ला दिला होता. त्यांच्याच कॉलेजातून निघालेला हा पोरगा १९०४ ला मुंबईच्या काँग्रेसला हजर, पुढच्या अधिवेशनांनाही हजर. डिसेंबर १९०७ मध्ये सुरतेला काँग्रेस फुटली तेव्हा हा टिळकांच्या बाजूने बाहेर पडला. टिळकांना ते राजकारणातले गुरू म्हणत.

छपाई कशी व्हायची ते सरांनी समजावलं. नस्तालीक लिपी उतरत्या रेषेत तिरकी चालते, अक्षरं एकमेकांच्या खांद्यावर बसतात. त्यामुळे सुटे खिळे जुळवणं मोठं किचकट. कातिब सगळा मजकूर खास शाईने हाताने लिहिणार, तो दगडावर उमटवायचा आणि शिळाप्रेसवर एकेक ताव काढायचा. म्हणजे मासिकाचं प्रत्येक पान मुळात कुणीतरी लिहिलेलं हस्ताक्षर असायचं. आणि लेखाखाली नाव नसेल, तर त्या अक्षरावरून ओळखायचीही सोय नाही, कारण ते अक्षर कातिबाचं. हे मला आज पहिल्यांदा उमगलं आणि पुढच्या प्रसंगासाठी ते फार उपयोगाचं आहे.

२ जून

१९०८. संहितेचा कणा इथेच आहे, असं दिसतंय.

‘उर्दू-ए-मुअल्ला’मध्ये एक लेख आला : इजिप्तमधलं इंग्रजांचं शैक्षणिक धोरण. लेखकाचं नाव नाही. विषय इजिप्तचा असला तरी अलीगढमध्ये बसून वाचणाऱ्याला तो कुणाबद्दल आहे ते कळायला पंडित असायची गरज नव्हती. सरकारलाही कळलं. राजद्रोहाचा खटला. लेखक कोण, असं विचारलं तेव्हा हसरतांनी सांगितलं नाही. लेख छापला मी, जबाबदारी माझी. दोन वर्षं सक्तमजुरी आणि पाचशे रुपये दंड. अपिलात मुदत निम्म्यावर आली. दंड भरायला पैसे नव्हते म्हणून त्यांचं ग्रंथालय लिलावात गेलं. वर्षानुवर्षं जमवलेली हस्तलिखितं, दीवान (शायरांचे कवितासंग्रह), सगळं मातीमोल भावात.

आता आपली बाजू. ‘केसरी’त १२ मे १९०८ ला ‘देशाचे दुर्दैव’, ९ जूनला ‘हे उपाय टिकाऊ नाहीत’. टिळकांना २४ जूनला मुंबईत अटक, २२ जुलैला सहा वर्षं काळं पाणी आणि हजार रुपये दंड. त्याच जुलैत ‘काळ’च्या शिवरामपंत परांजप्यांना एकोणीस महिने. ‘केसरी’तल्या त्या दिवसांच्या लेखांत खाडिलकरांचा हात होता आणि शिक्षा टिळकांनी अंगावर घेतली, हे आम्ही घरातल्या मोठ्यांकडून ऐकत आलो. म्हणजे एकाच पावसाळ्यात, एकाच कलमाखाली, एक गायकवाडवाड्यातून आणि एक अलीगढहून. भाषा वेगळी, लिपी वेगळी, छापायची रीतही वेगळी. अंकाखाली नाव कुणाचं, एवढाच प्रश्न दोन्हीकडे.

आजवर मी या कार्यक्रमाचा विषय ‘टिळकांवर कविता लिहिणारा मुसलमान कवी’ असा धरून चालले होते. तो पातळ विषय आहे. त्यात कौतुकापलीकडे काही नाही. खरा विषय संपादक हा आहे. टाचणात मोठ्या अक्षरात लिहून ठेवलं : संपादक म्हणजे काय?

३ जून

रात्रभर एक जुनी गोष्ट डोक्यात. लिहूनच टाकते, नाहीतर संहितेत भलतीकडून डोकावेल.

बारा-तेरा वर्षांपूर्वी मी एका मंडळाच्या दिवाळी अंकाची संपादक होते. मानाचं काम, मानधन शून्य. एका तरुण लेखकाने गावातल्या एका जागेच्या व्यवहारावर लेख दिला. चांगला होता, मीच आग्रहाने घेतला. पाडव्यानंतर दोन गृहस्थ घरी आले. आवाज चढवला नाही, सोफ्यावर बसले, चहा घेतला. मी अंक उघडला आणि तिसऱ्या पानावरच्या तळटीपेवर बोट ठेवलं : ‘लेखकांच्या मतांशी संपादक सहमत असतीलच असे नाही.’ आणि त्यांनी न मागता त्या मुलाचा फोन नंबर लिहून दिला.

त्या मुलाचं पुढे फार काही वाकडं झालं नाही. त्याने आमच्याकडे पुन्हा लिहिलं नाही, एवढंच. रस्त्यात भेटला तर नमस्कार करतो.

११ जून

पहिला खर्डा मोठ्याने वाचला. चौऱ्याहत्तर मिनिटं! बायका-मुलांना घेऊन आलेली माणसं तेवढं बसत नाहीत. मीही बसणार नाही.

कापलं : गज़लेच्या दोषांवरचं त्यांचं पुस्तक, गालिबच्या दीवानावरचं भाष्य, गुरुपरंपरा. सरांना वाईट वाटलं. हसरतांना जर कुणी विचारलं असतं की तुमचं मुख्य काम कोणतं, तर त्यांनी तुरुंग सांगितला नसता, हेच सांगितलं असतं, असं त्यांचं म्हणणं. पटतं. पण श्रोत्यांना मोमिन माहीत नाही, आणि आठ मिनिटांत मोमिन शिकवता येत नाही. तीन वाक्यं ठेवली.

वाढवलं : निशातुन्निसा बेगम, हसरतांच्या पत्नी. अटकेच्या वेळी घरात लहान मुलगी आजारी. तुरुंगात नवऱ्याला पत्र गेलं त्यात रडगाणं नाही. जे ओढवलंय ते धीराने सोसा, माझी किंवा घराची काळजी करू नका, आणि खबरदार, तुमच्याकडून कुठलाही कमकुवतपणा दिसता कामा नये, अशा अर्थाचं ते पत्र. ‘खबरदार’ हा शब्द मुळातला आहे आणि मराठीतही तो जसाच्या तसा बसतो, अनुवादच नको. पुढे या बाईंनी पडदा सोडला, दुकान सांभाळलं, छापखान्यात हातभार लावला, आणि भारतमंत्री माँटेग्यू भारतात आले तेव्हा त्यांना भेटायला गेलेल्या स्त्रियांच्या शिष्टमंडळातही त्या होत्या. हे पत्र कोणी वाचायचं यावर आमच्या दोघी वाचकांत गोड भांडण झालं. जी हळू वाचते तिला दिलं. जोरात वाचलं की ते भाषण होतं.

१८ जून

आज जातं.

नैनीच्या तुरुंगात, अलाहाबादेला, हसरतांना रोज एक मण दळावं लागे. आमच्यातल्या तरुण वाचिकेने विचारलं, मण म्हणजे किती? इंग्रजी अमदानीतला पक्का मण सदतीस किलोच्या आसपास. तिने किराणा मालाची पिशवी आठवून पाहिली आणि गप्प बसली.

माझ्या सासरी माळ्यावर जातं आहे. भाच्याने उतरवून दिलं. आम्ही दोघींनी खुंटा धरून ज्वारी घातली. अर्ध्या तासात दीड किलोही निघाली नाही आणि माझा उजवा खांदा गेला. आवाज मात्र भाच्याने ध्वनिमुद्रित केला : सुरुवातीला खरखर, मग पाळीगणिक एक घुमणं, मध्येच धान्य संपलं की दगडावर दगडाची किंकाळी. ही किंकाळी ठेवायची.

हाताने दळता दळता माझ्या तोंडात आपोआप आजीची ‘पहिली माझी ओवी’ आली. खुंट्याची फेरी आणि ओवीची ओळ एकाच श्वासात बसते. आपल्या बायकांनी ते शोधून काढलं नाही, जात्याने त्यांच्याकडून करवून घेतलं. कागद मिळत नसताना डोक्यात गज़ल रचणाऱ्या माणसालाही हेच सापडलं असणार, असा माझा तर्क आहे. सर हसले. म्हणाले, ‘गज़लच्या बहरला, म्हणजे वृत्ताला, तुमचं जातं लावू नका ताई, दोन मिसरे बरोबर बसतील आणि तिसऱ्याला दाणे सांडतील.’ तरी त्यांनी स्वतः करून पाहिलं, खुंटा धरून :

है मश्क़-ए-सुख़न जारी, चक्की की मशक़्क़त भी
इक तुर्फ़ा तमाशा है हसरत की तबीअत भी

आणि पहिली ओळ फेरीत अशी चपखल बसली की ते स्वतःच थांबले.

अनुवादाची अडचण, आणि त्याहून मोठी गंमत. मश्क़ म्हणजे रियाज, मशक़्क़त म्हणजे कष्ट. दोन्ही शब्द कानाला सख्खे भाऊ वाटतात आणि ओळ त्यावरच उभी आहे. मराठीत शब्द शोधत होते, तर आमच्याकडे तो आधीच शेतात राबतोय : मशागत. मशक़्क़तचीच मशागत झाली. पुढे तबीअत. आपल्या तब्येतीला आता बीपी आणि शुगर लागलेत, पण गाण्याच्या बैठकीत अजून म्हणतात, बुवा आज तब्येतीत गायले. ती तब्येत इथली आहे. सध्याचा खर्डा : ‘कवितेचा रियाज चालू आहे, जात्याची मशागतही, हसरतची तब्येतच मोठी अजब तमाशा.’ ठीक आहे, चालवू. मुळातली ओळ आधी, दोनदा.

यातलं मला सगळ्यात आवडतं ते असं की माणूस स्वतःला हुतात्मा म्हणवून घेत नाही. स्वतःकडे जरा लांबून बघून म्हणतो, काय वल्ली आहे!

३० जून

कार्यकारिणीतल्या दोघांना संहिता दाखवली. एकाचं म्हणणं, मुस्लीम लीगचा उल्लेख नको. दुसऱ्याचं, कम्युनिस्टांचा नको. तिसऱ्यानेही मत दिलं असतं तर कार्यक्रम जात्यावरच संपला असता.

गोष्ट अशी आहे की हा माणूस कुठल्याच खणात बसत नाही. डिसेंबर १९२१, अहमदाबाद : काँग्रेसच्या अधिवेशनात त्यांनी संपूर्ण स्वातंत्र्याचा ठराव मांडला. गांधींनी कडाडून विरोध केला, ठराव पडला. तीच काँग्रेस तिथे पोचली १९२९ ला, लाहोरला. त्याच आठवड्यात त्याच अहमदाबादेत ते मुस्लीम लीगच्या अधिवेशनाचे अध्यक्षही होते. या भाषणांपायी १९२२ ला पुन्हा तुरुंग, आणि या खेपेला येरवडा. गांधीही तेव्हा येरवड्यातच. मग १९२५ च्या डिसेंबरात कानपूरला पहिली कम्युनिस्ट परिषद भरली तिचे स्वागताध्यक्ष हसरत. तिथेच आपले सच्चिदानंद विष्णु घाटे चिटणीस म्हणून निवडले गेले. पुढे पुन्हा लीग. लीगच्या बाजूने संविधान सभेत, आणि फाळणी झाल्यावर पाकिस्तानात न जाता इथेच. संविधान सभेतही स्वस्थ नाहीत : देश समाजवादी गणराज्यांचा संघ व्हावा म्हणून दुरुस्त्या मांडत, मसुद्याशी भांडत राहिले.

हे सगळं ठेवलं. लीगही आणि कम्युनिस्टही. गाळून गाळून जो उरेल तो कॅलेंडरवरचा फोटो असेल. माझी स्वतःची कुरबूरही आहे : इतक्या वेळा एकटं पडणाऱ्या माणसाला दर वेळी आपणच बरोबर असं वाटत असणार, आणि अशा माणसाबरोबर समितीत काम करणं सोपं नसणार. हे वाक्य निवेदनात घातलं. सर म्हणाले, ‘खरं आहे. घाला.’

६ जुलै

आषाढी एकादशी आणि मोहरमची दहावी, दोन्ही आज. तालीम नाही. सर डोल्यांच्या गडबडीत, आमच्या गल्लीतली अर्धी माणसं पंढरपुरात.

घरी बसून कृष्णाच्या कविता वाचल्या. अनेकदा हज केलेला हा मौलाना जन्माष्टमीला मथुरेला जायचा. ‘मथुरा कि नगर है आशिक़ी का’ ही गज़ल शुद्ध उर्दूत, आणि काही पदं अवधी-ब्रज वळणाची, मुरारीला रंग टाकू नको म्हणून विनवणारी. यावर कार्यक्रमात एकच कडवं आणि निवेदन शून्य. सलोख्याचं व्याख्यान लावलं की ते कडवं मरतं.

१४ जुलै

१९१३ चा भाग झटपट आवरला : प्रेस कायद्याखाली तीन हजारांची जामीनकी मागितली, तेवढे पैसे नव्हते, छापखाना बंद. संपादकाने काय केलं, तर अलीगढमध्ये स्वदेशी कापडाचं दुकान टाकलं. यावर उर्दूतले मोठे विद्वान शिबली नोमानी यांचं एक वाक्य सांगतात : तुम्ही माणूस आहात की जिन? आधी कवी होतात, मग राजकारणी झालात, आता वाणी झालात! तालमीत याला हमखास हशा मिळतो. स्वदेशीचं वेडही खरं होतं. कडाक्याच्या थंडीत पाहुणे गेले असता विलायती ब्लँकेट मिळालं म्हणून ते बाजूला ठेवून रात्रभर कुडकुडले, अशी आठवण सांगितली जाते. हशानंतर लगेच ती घेतली, की सभागृह आपोआप शांत होतं.

शेवटचा भाग : दिल्लीत संविधान सभेच्या अधिवेशनाला जाताना तिसऱ्या वर्गाचा डबा, मुक्काम मशिदीत. दोन मिनिटं. यापेक्षा जास्त साधेपणा दाखवला की श्रोत्यांना अपराधी वाटू लागतं आणि ते घड्याळ बघतात.

२२ जुलै

टिळकांच्या शिक्षेची तारीख. रंगीत तालीम, सत्तेचाळीस मिनिटं. जात्याचा आवाज दोन ठिकाणी, पत्रानंतर नाही.

पत्रिका छापून आली. खाली बारीक टाइपात वाचनालयाच्या लेखनिकाने सवयीने ओळ टाकली होती : ‘कार्यक्रमात व्यक्त झालेल्या मतांशी संस्था सहमत असेलच असे नाही.’ मला एकदम हसू फुटलं, त्याला काही कळेना. दोनशे प्रती होत्या. पुन्हा छापायचे सहाशे ऐंशी रुपये मी दिले. नव्या पत्रिकेत त्या जागी ‘संहिता व जबाबदारी’ असं लिहून पुढे माझं नाव घातलं. अध्यक्षांनी भुवया उंचावल्या, पण पैसे माझे होते.

१ ऑगस्ट

पाऊस. चौपन्न माणसं, त्यात सरांच्या मोहल्ल्यातली नऊ. नेहमीच्या अकरांपैकी आठ. सहा वाजून बारा मिनिटांनी सुरुवात. दुसरा माईक अपेक्षेप्रमाणे गेला. दोघींनी एकच ओढत वापरला, जरा दळल्यासारखंच.

जात्याची किंकाळी फार मोठी झाली, पहिल्या रांगेतल्या एक आजी दचकल्या. नंतर मला म्हणाल्या, ‘अगं, पाळू उचलून घ्यायची असते तेव्हा. दगडावर दगड फिरवायचा नसतो.’ बरोबर आहे. सहा महिन्यांचं दळण करणाऱ्या बाईला ही चूक लगेच कळते.

पत्राला कोणी खोकलंही नाही. शेवटी सरांना मंचावर बोलावून ‘बलवंत तिलक’ त्यांच्याकडून घेतलं. त्यांनी ते गायलं नाही, सरळ म्हटलं. मागच्या ओळीतून कुणीतरी ‘वाह’ म्हणालं, आणि टिळक पुण्यतिथीला आमच्या सभागृहात ‘वाह’ पहिल्यांदाच ऐकू आलं.

प्रश्नोत्तरांत एका कॉलेजच्या मुलाने विचारलं, ‘पण मॅडम, मग तो इजिप्तवाला लेख लिहिला कोणी होता?’

अभ्यासकांनी तर्क केलेत, एखाद-दुसरं नाव पुढे केलं जातं. मी काल रात्री ते नाव चिठ्ठीवर लिहूनही आणलं होतं, विचारलं तर असावं म्हणून. चिठ्ठी पर्समध्ये होती. मी सरांकडे बघितलं, ते चष्मा पुसत होते. ‘त्यांनी सांगितलं नाही,’ मी म्हणाले. पोरगा अजून उभाच होता. ‘पुढचा प्रश्न,’ मी म्हटलं.

४ ऑगस्ट

हिशेब : मंजूर २,५००. खर्च : ध्वनी १,२००, झेरॉक्स ३४०, चहा-बिस्किटं ९१०, रिक्षा (जातं नेणं-आणणं) ३६०. एकूण २,८१०. वरचे ३१० सोडून दिले. पत्रिकेचे यात नाहीत.

संहितेत दुरुस्त्या : पान ६, जात्याच्या आवाजात पाळू उचलल्याची शांतता हवी, किंकाळी काढणे. पान ११, ‘तिलक’च्या जागी एकदा ‘टिळक’ वाचलं गेलं. तिथे लाल खूण. पान १४, मथुरेच्या कडव्याआधी अर्धं मिनिट थांबणे.

बार्शीच्या एका वाचनालयाने विचारलंय, नोव्हेंबरात जमेल का. सर म्हणाले जमेल, पण तोवर मी ‘मशक़्क़त’मधले दोन्ही क़ाफ नीट म्हणायला शिकायचं.